फलाटाच्या काठाची भाषा

परदेशात आगगाडीने जाणाऱ्या सामान्य उतारूची अडचण मुख्यतः भाषेची असते. पाटी वाचता आली नाही तर तो शेजाऱ्याला खुणेने विचारतो आणि निभावून नेतो. अंध उतारूला पाटीचाही उपयोग नाही आणि खुणेचाही. फलाटाचा काठ कोठे संपतो, एवढे तरी त्याला कोणाच्या मदतीवाचून कळले पाहिजे. रेल्वेच्या इतिहासात ही साधी सोय फार उशिरा आली.

1830 साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्ये गाडी धावू लागली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ रेल्वेने आपला उतारू धडधाकटच असणार असे गृहीत धरले होते. रेल्वेचे माहेरघर असलेल्या इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकातही चाकाच्या खुर्चीतील माणूस पुष्कळदा गार्डच्या डब्यात, सामानसुमानाच्या सोबतीने प्रवास करीत असे. भेदभावास मनाई करणारा कायदा तेथे 1995 साली झाला आणि डब्यांच्या रचनेचे नियम 1998 साली आले.

जपानची हकीकत अधिक बोलकी आहे. सेइची मियाके नावाच्या गृहस्थाने, एका मित्राची दृष्टी मंदावू लागलेली पाहून, पायाला जाणवतील अशा उठावाच्या फरशा तयार केल्या. 18 मार्च 1967 रोजी ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविण्यात आल्या. उठावाचे ठिपके म्हणजे ‘थांब’ आणि लांबट पट्टे म्हणजे ‘असा चल’, एवढीच या भाषेची बाराखडी. परंतु शोध लागला म्हणून तो सर्वत्र पोचतोच असे नाही. 1973 साली टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकावर एक अंध उतारू फलाटावरून रुळांवर पडून मरण पावला. त्या फलाटावर अशा फरशा नव्हत्या. त्याच्या कुटुंबीयांनी राष्ट्रीय रेल्वेवर दावा लावला. 1979 साली जिल्हा न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलात 1986 साली तडजोड झाली. पुढे 2000 साली जपानने स्थानके निर्वेध करण्याचा कायदा केला, आणि 2012 साली या फरशांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. तथापि, देशोदेशींच्या पद्धतींत अजून फरक आहेतच.

भारतातही पहिला कायदा 1995 सालचाच. त्यात डबे अपंगांना सोयीचे करण्याची आज्ञा होती. पण तिच्या आधी ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली होती, आणि त्या पुस्तीचा आधार कोणाला घेता आला असेल हे श्रोत्यांना सांगावयास नको. 2016 च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली. नव्या बांधकामाला मात्र मुदत नाही. नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगीच मिळता कामा नये.

म्हणूनच या संदर्भात नवा रायपूरकडे पाहावेसे वाटते. जुन्या रायपुराहून धमतरीला जाणारी अरुंद मापाची रेल्वे 1900 सालची होती. तिच्याकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरले असते. छत्तीसगडची ही नवी राजधानी मात्र कोऱ्या जमिनीवर आखलेली. मंदिर हसौदवरून तिच्यातून जाणाऱ्या मार्गावर 30 मार्च 2025 रोजी अभनपूर-रायपूर मेमू गाडी सुरू झाली. तिच्या जेमतेम पाच महिने आधी, 8 नोव्हेंबर 2024 रोजी, राजीव रतुरी यांच्या 2005 सालच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, सुगमतेची मानके ही केवळ शिफारस नसून बंधनकारक असली पाहिजेत. आणि तसे नियम करण्यास सरकारला तीन महिने दिले होते.

जुन्या स्थानकांत पिवळी पट्टी कधी खांबाला, कधी चहाच्या गाड्याला जाऊन थडकते. आणि खुर्चीतल्या माणसाची अडचण तर उंचीची आहे. आपल्याकडील उंच फलाट 760 ते 840 मिलिमीटरांचा असतो. डब्याची जमीन त्याहूनही वर राहते. जपानात स्थानकाचा नोकर तेवढ्या अंतरावर फळी टाकतो आणि उतरावयाच्या स्थानकास कळवितो, म्हणजे तेथेही कोणी फळी घेऊन उभा असतो.