राजस्थान विद्यापीठ, जयपूर : निधी व लेखे
सार्वजनिक विद्यापीठाचे उत्पन्न, विनियोग व हिशेब यांची व्यवस्था. विद्यापीठ ८ जानेवारी १९४७ रोजी राजपुताना विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. पहिले कुलगुरू गणितज्ञ ग. स. महाजनी (पहा : फर्ग्युसन महाविद्यालय). राज्य अनुदान, परीक्षा व संलग्नता शुल्क आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे (पहा) प्रयोजनबद्ध अनुदान हे प्रमुख उत्पन्न. प्रयोजनबद्ध पैसा मंजुरीविना दुसरीकडे वळवता येत नाही; उपयोगिता प्रमाणपत्रात मिळालेली रक्कम, खर्च आणि अखर्चित शिल्लक वेगवेगळी दाखवावी लागते. हिशेबाचा खरा कस येथेच लागतो. लेखापरीक्षण राज्याचा स्थानिक निधी अंकेक्षण विभाग करतो. वार्षिक अनुदान किमान २५ लाख रुपये आणि एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असल्यास नियंत्रक व महालेखापरीक्षकही (पहा) त्यांच्यासंबंधीच्या १९७१ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार तपासणी करतात.