मॅग्नेशियम मिश्रधातूंचे तीव्र आकार्य विरूपण

मॅग्नेशियम मिश्रधातूचा काटछेद फारसा न बदलता त्याला अतिशय मोठे, कायमचे विरूपण देऊन त्यातील स्फटिककण सूक्ष्म करण्याची प्रक्रिया.

उगम : पर्सी ब्रिजमन यांनी १९३० च्या दशकात उच्च दाबाखाली पीळ देण्याचे प्रयोग केले. कोनात वळणाऱ्या मार्गिकेतून धातू दाबण्याची पद्धत व्ही. एम. सेगल यांनी १९७० च्या दशकात मिन्स्कमध्ये विकसित केली.

वैशिष्ट्ये : षट्कोनी स्फटिकरचनेमुळे सामान्य तापमानाला घसरणीची प्रतले मोजकीच असतात व धातू तडकतो, म्हणून मार्गिकेतील दाबकाम बहुधा २००°–३००° से. तापमानाला करतात. सुमारे ३% ॲल्युमिनियम व १% जस्त असलेल्या ‘एझेड ३१’ मिश्रधातूचे दहा-वीस मायक्रोमीटरचे कण त्यामुळे एक-दोन मायक्रोमीटरपर्यंत उतरू शकतात. कणसीमा वाढल्या की बळ वाढते (पहा : हॉल-पेच संबंध). मॅग्नेशियमात मात्र हा हिशेब सरळ राहत नाही. वारंवार दाबल्यावर स्फटिकांची मूलतले कर्तनाच्या दिशेकडे कलतात, घसरण सुलभ होते आणि कण बारीक होऊनही शरणबल घटू शकते. तन्यता मात्र वाढते (पहा : स्फटिकविज्ञान).

महत्त्व : वाहनभाग, शरीरात विरघळणारी अस्थिरोपणे. वाळूजच्या (छत्रपती संभाजीनगर) वाहनभाग उद्योगात ओतीव ॲल्युमिनियम रूढ आहे, मॅग्नेशियम त्याहून सुमारे एकतृतीयांशाने हलके (घनता १.७४ ग्रॅ./घ.सेंमी.). लहान आकाराचेच नग हाताळता येणे ही प्रमुख मर्यादा (पहा : मिश्रधातु).