दारूबंदी आणि विजेची गिटार

दारूबंदीवर बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्त्यानें एकतर मद्याचे दुष्परिणाम वर्णावे, नाहींतर सरकारी उत्पन्नाचे आंकडे मांडावे, अशी आपल्याकडे चाल पडून गेली आहे. मी आज या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्याच वाटेनें जाणार आहें. ज्यांनीं दारू गाळली नाहीं, विकली नाहीं, आणि पुष्कळदां घेतलीहि नाहीं, तरी ज्यांच्या पोटावर या कायद्याचा पाय पडला, अशा कांहीं लोकांची ही हकीकत आहे. हे लोक म्हणजे मुंबईचे वादक. आणि या हकीकतीला निमित्त झालें आहे एक जुनें वाद्य.

आमच्या खांदेश्वरला हल्लीं गिटार शिकणाऱ्या मुलांची वाण नाहीं. परंतु विजेची चांगली नवी गिटार घ्यावयाची म्हणजे मध्यम स्थितींतील बापाच्या जमाखर्चाला खिंडार पडतें. म्हणून यांतील बरेच जण कोणीतरी वापरलेलें वाद्य शोधतात, आणि त्यासाठीं हार्बर मार्गाच्या गाडीनें मुंबईच्या टोंकापर्यंत जाऊन तेथून धोबीतलावाकडे चालूं लागतात. १८६५ सालीं सुरू झालेली फुर्टाडो यांची वाद्यांची पेढी याच भागांत आहे. आसपास वादकांच्या ओळखी निघतात, आणि ओळखींतून जुनीं वाद्यें निघतात. ओळखीच्या एका मुलानें असें वाद्य आणलें तें मला दाखवितांना सहज विचारलें, "गुरुजी, हीं वाद्यें धोबीतलावालाच कां मिळतात?" प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मद्याच्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोंचलें.

त्या कायद्याचें मूळ पाहावयास आम्हां पनवेलकडच्या लोकांना फार लांब जावें लागत नाहीं. उरणपर्यंत गेलें तरी पुरें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून जात असे. भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या, आणि फुलें येत पंचमहालाकडून. १८७८ च्या अबकारी कायद्यानें गाळण्याचा हक्क मोजक्या मक्तेदारांच्या हातीं एकवटला, आणि माडीच्या झाडांवर जबर कर बसून भंडारी समाजाचा पिढीजाद धंदा खिळखिळा झाला. पुढें १८९२ सालीं तर केवळ मोहाच्या फुलांसाठीं स्वतंत्र कायदा करण्यांत आला, आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत तीं फुलें बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. (कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें.) जें फूल रानांतील माणूस वाळवून पोटाला खात असे, तेंहि संशयास्पद ठरलें. इंग्रज सरकारचा रोष दारूवर नव्हता. कर न भरलेल्या दारूवर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे १९०८ सालीं टिळकांच्या अनुयायांनीं पुण्यांत गुत्त्यांपुढें धरलेल्या निरोधनाचा अर्थ कळतो. दारू सोडणें म्हणजे सरकारचा खजिना आटविणें, असा तो सरळ हिशेब होता.

पुढें १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, आणि खजिना आटविण्याची पाळी स्वतःवरच आली. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. तिचे सूत्रधार डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी. आणि सर्वांत मोठा गिल्ला झाला तोहि पारशी समाजाकडूनच, कारण मद्याचा व्यापार बराचसा त्यांच्या हातांत होता. बुडालेलें उत्पन्न भरून काढण्यासाठीं शहरांतील घरांवर नवा कर बसला, तेव्हां न पिणारेहि कुरकुरूं लागले. परंतु महायुद्ध सुरू झालें, नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि तो पहिला प्रयोग अर्ध्यावरच राहिला.

युद्धाच्या वर्षांत मुंबई सैनिकांनीं भरून गेली. हॉटेलांतून रात्रीं नाच चालत, आणि नाचाला बँड लागे. येथें आपण धोबीतलावाला येऊन पोहोंचतों. या भागांत गोव्याच्या निरनिराळ्या गांवांचे कूड होते. कूड म्हणजे गांवकऱ्यांनीं मिळून चालविलेलें बिऱ्हाड; मुंबईंत येणारा खलाशी, स्वयंपाकी किंवा वादक प्रथम आपल्या गांवच्या कुडांत ट्रंक टेकवी. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर हे लोक आगबोटींवर, संस्थानिकांच्या पदरीं आणि मुंबईच्या हॉटेलांत चाकरीस राहत. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन नीग्रो वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलांत आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे आले. त्यांच्या सहवासांत गोमंतकीय वादकांनीं जाझ नांवाचें तें नवें, उसळतें संगीत उचललें. हळदोण्याचा अँटोनियो झेव्हियर वाझ तुतारी अशी वाजवूं लागला कीं लोक त्याला चिक चॉकलेट याच नांवानें ओळखूं लागले. मला स्वतःला या संगीताची गोडी उतारवयांत लागली. आपल्याकडील कित्येक विद्वानांनीं त्याला गोंगाट म्हटलें तें न ऐकतांच म्हटलें असावें, असें माझें मत आहे.

या वादकांचा पगार हॉटेलवाला देई, आणि हॉटेलवाल्याची मिळकत मुख्यतः पेल्यांतून होई. नाचावयास येणारा माणूस नाचण्याचे पैसे देत नाहीं. तो बसण्याचे आणि पिण्याचे देतो. सारी मेख येथें आहे.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असतांना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, तो त्याच वर्षीं १६ जूनला अमलांत आला, आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी झाली. ६ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताहाचा पहिला दिवस. तो हेतुपुरस्सर निवडला होता हें उघड आहे. मद्य घ्यावयाचें तर परवाना पाहिजे, आणि परवान्यासाठीं प्रकृतीला मद्य आवश्यक असल्याचा डॉक्टरी दाखला पाहिजे. कायद्याची कक्षा इतकी विस्तृत कीं मद्यार्क असलेलीं औषधें आणि कोलनवॉटरसुद्धां तींत सांपडलीं. बलसारा नांवाच्या गृहस्थांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा मुख्य भाग कायम केला, पण औषधें व प्रसाधनें यांबद्दलचा भाग रद्द ठरविला.

कायद्याच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकाशीं नवऱ्याची वाट पाहणारी बाई ही कांहीं पुढाऱ्यांच्या कल्पनेंतील व्यक्ति नव्हती. तिच्या घरांत त्या महिन्यांत धान्य येणार कीं नाहीं, हें रस्त्यांतल्या गुत्त्यावर ठरत असे. पुढें वर्धा, १९९३ पासून गडचिरोली, आणि २०१५ ते २०२१ या काळांत चंद्रपूर या जिल्ह्यांत दारूबंदी झाली. त्यांपैकीं गडचिरोली व चंद्रपूर येथील मागणींत बायकांचाच आवाज मोठा होता. त्या बाईचें दुःख मला वादकाच्या दुःखापेक्षां लहान वाटत नाहीं. परंतु मुंबईंत झालें असें कीं गुत्ता बंद झाला आणि भट्टी खाडीकांठीं गेली. गूळ आणि नवसागर घालून गाळलेली दारू चाळीच्या मागल्या खोलींत विकली जाऊं लागली. धोबीतलाव-वांद्र्याकडे ती विकणाऱ्या बायकांना 'आंटी' हें नांव पडलें. बँड वाजला तो मात्र उजेडांतल्या हॉटेलांचा. मागल्या खोलींत पिणाऱ्याला तुतारी नको असते. आवाज जितका कमी तितकें बरें.

हॉटेलांची कामें रोडावलीं. कांहीं वादक कलकत्त्यास पार्क स्ट्रीटकडे गेले, कारण तेथें बंदी नव्हती. बाकीचे वळले ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे. एकट्या दारूबंदीमुळें हें झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. इंग्रज गेले होते, संस्थानें विलीन झालीं होतीं, सैनिक परतले होते, आणि इकडे बोलपटांतील वाद्यवृंद वर्षागणिक वाढत होता. म्हणजे जुनें दार लोटलें जात असतांना नवें उघडत होतें. पण लोटणाऱ्या हातांपैकीं एक हात कायद्याचा होता, याविषयीं मला शंका नाहीं.

त्या नव्या दारांत एक मराठी माणूस उभा होता. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं चिक चॉकलेटला हाताशीं धरलें. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत तर तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरच दिसतो. दिग्दर्शक व नायक भगवान हेहि मराठीच. ज्या संगीतासाठीं दोन-चार वर्षांपूर्वीं ताजमहालाच्या दारांतून आंत शिरावें लागलें असतें, तें आतां चार आण्यांच्या तिकिटावर गिरणगांवांत शिटी मारून ऐकतां येऊं लागलें. कामाची रीत अशी असे: संगीतकार चाल गाऊन दाखवी, गोमंतकीय संयोजक ती पांच रेघांवर उतरवी, आणि प्रत्येक वाद्यासाठीं निराळा कागद लिहून देई. शंकर-जयकिशन यांच्यासाठीं सेबास्टियन डिसूझा यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं भारतीय व पाश्चात्य वादकांचा एक संयुक्त वाद्यवृंदहि उभारला. अशा माणसांचीं नांवें चित्रपटाच्या नामावळींत क्वचितच येत. गोन्साल्विसांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळें, आणि तेंहि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूची आठवण ठेविली म्हणून.

आतां त्या मुलाच्या वाद्याकडे वळूं. विजेची गिटार अमेरिकेंत १९३१-३२ च्या सुमारास तयार झाली. तिचें तत्त्व आमच्या शाळेंतील फॅरडेच्या प्रयोगाहून वेगळें नाहीं. तारेखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार थरथरली कीं वेटोळ्यांत तशीच थरथरती वीज उत्पन्न होते, ती ध्वनिवर्धकांत जाते, आणि लांकडाच्या पोकळीची गरजच राहत नाहीं. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनीं हें वाद्य आणलें. १९७१ च्या 'हरे राम हरे कृष्ण' मध्यें तें भूपिंदर सिंग यांच्या, तर १९८० च्या 'कर्ज' मध्यें गोरख शर्मा यांच्या हातीं होतें, आणि तोंवर तें घरोघर ओळखीचें झालें.

परंतु ऐकणें निराळें आणि मिळविणें निराळें. स्वातंत्र्यानंतर सुमारें चाळीस वर्षें परदेशी माल आणण्यावर कडक निर्बंध होते. देशी गिटारी होत्या, पण विलायती वाद्य पाहिजे असल्यास तें आगबोटीवरील भाऊबंदाकडून, नाहींतर निवृत्त होणाऱ्या वादकाकडूनच यावयाचें. म्हणून मुंबईंत एकेक गिटार तीन-तीन पिढ्यांच्या हातांतून गेली, आणि हा व्यवहार धोबीतलावाच्या आसपास फिरत राहिला, कारण आगबोटीवरचा भाऊबंद आणि निवृत्त वादक दोघेहि तेथल्याच कुडांतले. मुलाच्या प्रश्नाचें हें उत्तर. आज नवें वाद्य कोणत्याहि दुकानांत मिळतें; जुनें मात्र अजून ओळखींतूनच निघतें.

घेतांना काय पाहावें, हें एका जाणत्या वादकानें मला सांगितलें तें येथें देतों. दांडी डोळ्यांसमोर बाणासारखी धरून ती वांकली आहे काय तें पाहावें. पडद्यांवर तारेनें खोल खांचा पाडल्या असतील तर ते बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा. बाराव्या पडद्यावर तार दाबून जो स्वर निघतो तो, आणि त्याच जागीं तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर, हे दोन्ही एकच असले पाहिजेत. घोडी सरकवूनहि ते जुळत नसतील तर व्यवहार सोडावा. आवाजाची कळ फिरवितांना खरखर झाली तर घाबरूं नये, ती धूळ असते. झिलई उडालेली असल्यास उलट समाधान मानावें. तें वाद्य कोणीतरी मनापासून वाजविलेलें असतें.

कायद्याचें पुढें काय झालें तें सांगून थांबतों. १ मे १९६० रोजीं राज्य विभागलें. गुजरातनें बंदी ठेविली, महाराष्ट्रानें साठोत्तर काळांत ती पायरीपायरीनें सैल केली, आणि १९७३ सालीं देशी दारूचे नियम करून तिच्या उघड विक्रीची सोय केली. १९४९ चा कायदा मात्र रद्द झाला नाहीं. २०१२ सालीं त्याच्या नांवांतील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलें एवढेंच. कागदोपत्रीं आजहि मद्य घेणाऱ्याजवळ परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो, आणि सौम्य मद्याला एकवीस व इतर मद्याला पंचवीस वर्षें वय पुरें असावें लागतें. रस्त्यारस्त्यावरच्या पाट्यांवर आपण 'परमिट रूम' हे शब्द वाचतों, ते त्याच परवान्याचे. गिटार आणणारा आमचा तो मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या ताफ्याला पहिलें काम अशाच एका पाटीखालच्या जागेंत मिळालें आहे, आणि तेथें तो दर शनिवारीं रात्रीं आठ ते अकरा वाजवितो.