ग्राफिक्स कार्ड बदलताना : आधी मोजमाप, मग खरेदी

खेळांसाठी हौसेने घेतलेला संगणक पाच-सहा वर्षांत मागे पडू लागतो. नवा खेळ सुरू होतो. परंतु चित्र अडखळते, हालचाली तुटक दिसतात आणि दृश्याचे बारकावे कमी केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मग ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विषय घरात निघतो. हा विचार बहुधा योग्यच असतो. चुकतो तो क्रम. आधी कार्ड घरी येते आणि नंतर कळते, की ते कॅबिनेटमध्ये मावत नाही, त्याला लागणारी वीजजोडणी उपलब्ध नाही, किंवा सारे काही जुळूनही खेळाचा वेग फारसा वाढलेला नाही. मध्यम श्रेणीच्या कार्डालाही पंचवीस-तीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. त्यामुळे खरेदीपूर्वी आपला संगणक नीट वाचणे हेच या कामातील मुख्य काम ठरते.

कार्ड नेमके काय करते?

मॉनिटरवरील चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० क्षमतेच्या पडद्यावर हे बिंदू २० लाख ७३ हजार ६०० असतात. ‘फोर-के’ पडद्यावर ते बरोबर चौपट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० होतात. खेळ प्रवाही वाटण्यासाठी हे संपूर्ण चित्र सेकंदाला किमान ६० वेळा नव्याने रेखाटावे लागते. एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात. ही आकडेमोड करणारी चिप म्हणजे जीपीयू. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना ही संज्ञा रूढ केली. २००६ मध्ये एटीआय कंपनी विकत घेऊन एएमडी या क्षेत्रात आली, तर इंटेलची ‘आर्क’ कार्डे २०२२ पासून मिळू लागली.

पडद्याचा आकडा आधी लक्षात घ्यावा, तो याचसाठी. १०८० च्या जुन्या मॉनिटरपुढे फोर-के खेळांसाठी बनवलेले कार्ड बसवले, तर त्याची बरीचशी ताकद वापराविना पडून राहते.

एक नमुना

२०१७ च्या सुमारास जुळवलेला, इंटेल कोअर आय-५ ७४०० प्रोसेसर आणि ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० कार्ड असलेला संगणक घेऊ. जीटीएक्स १०६० हे २०१६ चे कार्ड. त्याच्यासाठीचे नव्या खेळांना अनुसरून येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरती सुधारणा मिळणार आहे. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’सारख्या काही नव्या खेळांना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी लागते. ती या कार्डात नाही.

त्याच्या जागी २०२३ चे आरटीएक्स ४०६० बसवायचे ठरवले, तर काम दुपटीच्या आसपास वाढते. आणि विजेची गरज १२० वॅटवरून ११५ वॅटवर येते. कागदावर सारे सोपे दिसते. अडचण जोडणीत येते. बहुतेक जीटीएक्स १०६० कार्डांना सहा पिनांची एक वायर लागे; आरटीएक्स ४०६० ला सामान्यतः आठ पिनांची लागते. जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये ती नसली, तर कमी वीज खाणारे नवे कार्डही चालू होत नाही.

विजेचा हिशेब

मदरबोर्डवरील स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५, तर आठ पिनांची १५० वॅट देते. काही नव्या कार्डांवर १६ पिनांची जोडणी असते आणि तिची मर्यादा ६०० वॅट आहे. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डावर ही जोडणी वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक कारण पुढे आले. पुढे जोडणीच्या रचनेत सुधारणा झाली. तरीही प्लग शेवटपर्यंत आत गेला आहे, हे डोळ्यांनी पाहणे आवश्यकच.

आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. आकड्याइतकाच त्याचा दर्जाही महत्त्वाचा. त्याच्या अंगावरील तक्त्यात १२ व्होल्टपुढे लिहिलेल्या अँपिअरला १२ ने गुणले, की उपयोगात येणारी खरी क्षमता कळते. ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या काटकसरीचे आहे, टिकाऊपणाची हमी नव्हे. हार्ड डिस्कच्या साटा वायरीवर कन्व्हर्टर लावून कार्ड चालवण्याचा मोह टाळावा. ती वायर १२ व्होल्टवर सुमारे ५४ वॅटच पेलू शकते आणि जास्त भार पडल्यास जळू शकते. एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावणेही तितकेच धोक्याचे.

पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालतो तेथे यूपीएसही या हिशेबात धरावा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठे कार्ड बसवल्यावर वीज जाताच संगणकही बंद पडू लागला, तर दोष कार्डाचा नसतो.

अडथळा खरोखर कार्डाचाच आहे का?

खेळातील हालचाली, पात्रांचे वागणे, नियमांची आकडेमोड हे काम प्रोसेसर करतो आणि चित्राची तयारी करून कार्डाकडे सोपवतो. आचारी कितीही तरबेज असला, तरी चिरलेली भाजी वेळेवर हाती आली नाही, तर पंगत खोळंबते. नमुन्यातील प्रोसेसर चार कोअरचा आहे. आजच्या अनेक खेळांना तो अपुरा पडतो.

याची परीक्षा घरीच करता येते. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा वापर पाहावा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड थकले आहे. नवे कार्ड उपयोगी पडेल. तो ५०-६० टक्क्यांवर असूनही खेळ अडखळत असेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. खेळातील चित्राची क्षमता कमी करूनही वेग वाढला नाही, तरी निष्कर्ष तोच निघतो.

जुन्या संगणकाला आणखी एक मर्यादा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आय-५ ७४०० हा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रिसाइझेबल बार’ ही मदरबोर्डची सुविधा लागते; तिच्यावाचून त्यांचा वेग बराच घटतो.

मेमरी आणि जुनी कार्डे

नवे म्हणजे सर्वच बाबतींत मोठे, असे नाही. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी होती. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबीच आहे. १०८० च्या पडद्यावर ८ जीबी बहुतेक खेळांना पुरते; १४४० च्या पडद्यावर उच्च दर्जाचे बारकावे हवे असल्यास ती अपुरी ठरू शकते.

वापरलेले कार्ड घेताना ते खेळ चालवून किमान अर्धा तास पाहावे. पंख्यांचा आवाज, पडद्यावरील ठिपके-रेघा, अचानक बंद पडणे यांकडे लक्ष द्यावे. १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी अशी कार्डे अहोरात्र राबवली जात होती. किनारपट्टीवर वापरलेल्या कार्डाच्या पिनांवर खाऱ्या, दमट हवेने डाग किंवा गंज चढला आहे का, हेही तपासावे.

बसवण्याची रीत

कॅबिनेटमधील मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये मोजून कार्डाच्या मापाशी ताडावी. एकाच नावाची कार्डे कंपनीगणिक आखूड-लांब असतात. जुना ड्रायव्हर काढून संगणक बंद करावा, वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. स्क्रू काढून, स्लॉटची कडी दाबून जुने कार्ड सरळ वर ओढावे. नवे कार्ड कडी ‘टक्’ करेपर्यंत दाबावे, स्क्रू आवळावेत आणि वीजजोडणी द्यावी. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नव्हे, कार्डालाच लावावी. ‘नवे कार्ड चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढीच चूक असते. शेवटी नवा ड्रायव्हर घालावा.

नमुन्यातील संगणकाच्या मालकापुढे म्हणूनच दोन टप्पे आहेत. आधी चांगला एसएमपीएस, मग कार्ड. पुढे प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली, तरी या दोन्ही वस्तू नव्या संगणकात जातात आणि त्यांवर केलेला खर्च वाया जात नाही. एसएमपीएसला फाटा देऊन केवळ महागडे कार्ड घेतले, तर मात्र तोच खर्च दुसऱ्यांदा करण्याची पाळी येऊ शकते.