कुकीची कुळकथा



परवा नातीला फोनवर नानखटाईची कृती शोधून देत होते. पान उघडलं आणि निम्म्या पडद्यावर पाटी आली, 'आम्ही कुकीज वापरतो.' खाली दोन बटणं. एक मोठं हिरवं, 'सगळं मान्य'. दुसरं फिकट अक्षरांत, 'सेटिंग्ज'. मी चष्मा लावून वाचायला लागले, तोवर नातीने हिरवं बटण दाबलंसुद्धा!

"अगं, कशाला हो म्हणालीस?"

"काही नसतं गं आजी, सगळेच दाबतात."

नानखटाई झाली, छान झाली. पण ते 'सगळेच दाबतात' काही डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कोणतीही गोष्ट समजून घ्यायची तर आधी ती कधी, कुठे आणि कशासाठी जन्माला आली ते बघायचं, ही जुनी खोड. तेव्हा आठवडाभर बसून कुकीची कुळकथा वाचली. तीच आज सांगते.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत १९८९ ते १९९१ च्या दरम्यान वेबची मांडणी केली. पान मागायचं, पान मिळालं, व्यवहार संपला. पुढचं पान मागितलं की तुम्ही पुन्हा परके! रोज वर्गात येऊन "तुझं नाव काय रे?" असं प्रत्येकाला नव्याने विचारणारे मास्तर असावेत, तसं हे तंत्र. नुसतं वाचायचं असेल तर यात काही बिघडत नाही. पण दुकान मांडायचं असेल तर? गिऱ्हाइकाने पिशवीत साबण टाकला, तेल घ्यायला वळला आणि दुकानदार साबण विसरला, असं कसं चालेल?

हीच अडचण १९९४ साली नेटस्केप या कंपनीपुढे आली. एमसीआय नावाच्या दूरध्वनी कंपनीला इंटरनेटवर दुकान हवं होतं, पण प्रत्येकाची अर्धवट राहिलेली खरेदी स्वतःच्या संगणकांवर साठवायची तिची तयारी नव्हती. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली या तरुणाने (विशीतला पोरगा, कॅन्सस विद्यापीठात असताना लिंक्स हा ब्राउझर करणाऱ्यांपैकी एक) त्यावर तोड काढली. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायची आणि त्याने जशीच्या तशी परत करायची अशा खुणेच्या मजकुराला संगणकवाले आधीपासूनच 'मॅजिक कुकी' म्हणत. तेच नाव त्याने उचललं. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीतच कुकीची सोय होती.

कुकी म्हणजे काय? देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला मिळतो ना, तो आठवा. बिल्ल्यावर फक्त आकडा. चपला कुणाच्या, कुठल्या फळीवर, ते स्टँडवाल्याला माहीत. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला असा बिल्ला देतं आणि पुढच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे, प्रोग्रॅमही नव्हे. नुसता छोटासा मजकूर.

मला कौतुक वाटलं ते एका गोष्टीचं. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा नंबर देऊन टाकणं सगळ्यात सोपं होतं. मग कुठेही गेलात तरी सगळे तुम्हाला त्याच नंबराने ओळखले असते. मॉन्टुलीने ते मुद्दाम टाळलं, कारण त्यातून माणसावर पाळत ठेवता आली असती. म्हणून नियम असा केला की ज्याने बिल्ला दिला त्यालाच तो दिसेल. या देवळाचा बिल्ला त्या देवळात चालणार नाही.

मग गडबड कुठे झाली?

एका पानावरचं सगळं त्याच ठिकाणाहून येत नाही. बातमी वर्तमानपत्राची, पण बाजूची जाहिरात भलत्याच कंपनीच्या संगणकावरून आलेली. तीही आपला बिल्ला देऊ शकते. आता कल्पना करा, गावातल्या प्रत्येक देवळाच्या ओवरीत एकच फुलवाला बसलाय. पहिल्या देवळात त्याने तुमच्या पिशवीत गुपचूप आपला बिल्ला टाकला. पुढे प्रत्येक देवळात तो तोच बिल्ला बघतो आणि वहीत लिहितो, सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती. नियम मोडला नाही, स्वतःचाच बिल्ला बघितला! पण तुमचा आठवडा त्याच्या वहीत गेला. यालाच तृतीय पक्षाची, म्हणजे थर्ड पार्टी कुकी म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या डबलक्लिकसारख्या कंपन्यांनी यावर मोठा धंदा उभा केला. २००८ साली डबलक्लिक गुगलच्या ताब्यात गेली.

सामान्य माणसाला हे कळलं ते १२ फेब्रुवारी १९९६ रोजी, लंडनच्या फायनान्शियल टाइम्समधल्या लेखामुळे. तोपर्यंत कुकी आपल्या संगणकात येतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खरा कळीचा मुद्दा. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचा मसुदा काढला. लिहिणारे दोघे, बेल लॅब्सचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः मॉन्टुली. त्यात सांगितलं होतं की अशा परक्या कुकी मुळात बंद असाव्यात, ज्याला हव्यात त्याने चालू कराव्यात. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते पाळलं नाही. परक्या कुकी चालूच राहिल्या, ज्याला नको त्याने बंद कराव्यात! मॉन्टुलीने २०१३ मध्ये आपली बाजू मांडली. कुकी बंद केली तर जाहिरातवाले दुसरी छुपी वाट शोधतील, त्यापेक्षा निदान कुकी दिसते आणि पुसता येते, असा त्याचा विचार होता. त्यात तथ्य आहे. पण मला शाळेच्या सहलीची संमतीपत्रं आठवली. पालकांची सही नाही, तर मूल सहलीला नाही. 'नको असेल तरच कळवा' असं आम्ही कधीच लिहिलं नाही. गप्प राहिलेल्याला 'हो' धरायचं का 'नाही', यात सगळंच आलं.

युरोपने हे ओळखलं. २००२ च्या नियमात नकार देण्याचा हक्क होता, २००९ च्या दुरुस्तीत आधी संमती घेणं आलं. म्हणून या पाट्या! ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचं जाहीर केलं. कारण काय, तर 'हो' एका टिचकीत आणि 'नाही' म्हणायला मात्र अनेक टिचक्या. आमच्या नानखटाईच्या पाटीची हीच गत! आपल्याकडेही ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा केला. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं त्यात आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं.

ब्राउझरवाल्यांचं काय? फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या परक्या कुकी मुळातच बंद केल्या, सफारीने २०२० मध्ये सगळ्याच. गुगलने जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत क्रोममधून काढू' म्हटलं, मग तारखा पुढे ढकलल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच ठेवायचं ठरवलं. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनो, हे काम आपलं आपणच करायचं.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा, तिथे 'थर्ड पार्टी कुकीज' दिसेल, ते बंद करा. बँकेची, तिकिटांची कामं सहसा अडत नाहीत. एखादं पान अडलंच तर तेवढ्यापुरती मुभा देता येते. सगळ्या कुकी सरसकट पुसू नका, नाहीतर सगळीकडे पुन्हा पासवर्ड घालत बसाल (माझं झालं!). इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकी जातात, पण म्हणून आपण अदृश्य होत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि संकेतस्थळाला आपण दिसतोच. आणि खात्यात शिरून वावरलात तर बिल्ल्याची गरजच काय? नावच सांगितलंत की.

काल नातीला बसवून हे सगळं सांगितलं. चपलांच्या बिल्ल्यापर्यंत तिने ऐकलं, फुलवाल्याशी आल्यावर म्हणाली, "म्हणजे तो माझ्या पण मागे आहे?" मग तिनेच तिच्या आईच्या फोनवर सेटिंग शोधून बंद केली. पाटी आली की आता फिकट बटण शोधते. नाही सापडलं की मला हाक मारते.

असो. तुमच्या फोनवर काय आहे ते जरूर बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवरही.

लोभ आहेच, तो असू द्यावा.