मनी प्लांट घरात का टिकत नाही? काळी माती, बोअरचं पाणी आणि बाटलीतले डास

अंबड असो की भोकरदन, दुकानाच्या काउंटरवर, दवाखान्यात, घरातल्या टीव्हीशेजारी मनी प्लांट हमखास दिसतो. वेल चोरून आणला तरच लागतो, ही समजूतही सगळीकडे आहे. वेलाला त्याने काही फरक पडत नाही. तो मरतो तो बहुतेक वेळा जास्त पाण्याने.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. तिथल्या दमट हवेत तो मोठ्या झाडांच्या सावलीत बुंध्याला धरून वर चढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. म्हणून त्याला पूर्वेच्या खिडकीजवळ, उजेड भरपूर पण ऊन थेट नाही अशा जागी ठेवावं. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवला तर पानं करपतात. कुलरच्या खोलीत तो चांगला राहतो, फक्त थेट झोतात नको. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात जगतो खरा, पण पानांवरचे पिवळे पट्टे जाऊन नुसता हिरवा होतो.

सगळ्यात मोठी चूक मातीची. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच कुंडीत भरली जाते. कापसाला ती चांगली. कुंडीत मात्र पाणी दिलं की चिखल, वाळली की भेगा. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. वरून पानं पिवळी पडतात आणि घरचे म्हणतात, पाणी कमी पडलं! मग आणखी एक तांब्या. त्याऐवजी दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्यावं. कुंडीला खाली भोक हवंच. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. मातीवर पांढरा थर आणि पानांची टोकं तपकिरी दिसली की क्षार साचले समजावं. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर उत्तम. नसेल तर साचलेला थर खरवडून काढावा आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भोकातून निथळेपर्यंत पाणी सोडावं. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून कुंडीला घालतात, पण त्यात क्षार जास्तच असतात. ते फरशी पुसायला वापरावं. खत म्हणून शेतासाठी आणलेलं १९:१९:१९ चालतं, लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही वाढीच्या दिवसांत. मूठभर युरिया टाकणं म्हणजे वेल जाळणं.

बाटलीत कांडी लावताना तिला पेर हवंच. उसाला जसा डोळा, तसंच. नुसतं पान लावून वेल होत नाही. पण खरी काळजी बाटलीतल्या पाण्याची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. रांजण-टाकी घासताना ही बाटली आणि कुंडीखालची ताटलीही त्यात धरावी. नुसतं पाणी बदलून भागत नाही, अंडी काचेला चिकटलेली असतात. आतून घासूनच काढावी.

आणखी एक. मनी प्लांट हा अळूच्या, सुरणाच्या कुळातला. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. तेच कण याच्या पानातही असतात. रांगतं मूल, मांजर, अंगणातलं करडू यांच्या तोंडी लागणार नाही एवढ्या उंचीवर वेल ठेवावा. मुलाने पान चावलंच तर तोंडातलं काढून पाण्याने स्वच्छ धुवावं, थोडं थंड पाणी किंवा दूध पाजावं, उलटी करवू नये. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा.