बंब व सौर तापक (बारामती–इंदापूर)

या भागात स्नानाचे पाणी पूर्वी तांब्याच्या बंबात तापवीत. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. काही बंबांत नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाई व तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. पंप लागत नसे. छपरावरील सौर तापकातही टाकी संग्राहकाच्या वर असल्यास तापून हलके झालेले पाणी आपोआप चढते. ती खाली बसविल्यास मात्र पंप हवा. १८८०–९० च्या दशकात आलेल्या नीरा डाव्या कालव्याने उसाबरोबर पाणथळ, खारवट जमिनीही वाढविल्या. तेथील विहिरीचे पाणी दुष्फेन असल्यास तापकाच्या नळ्यांत क्षारांचा थर बसून अभिसरण मंदावते. बंबाला बाहेरून चिंचेने लकाकी येई. आतले किटण मात्र तसेच साचे.